रातपाळीच्या घरातला नाताळ



आगमनकाळ लागला की आमच्या भेस्तानच्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते. "खरा नाताळ गावाला. इथे कसला नाताळ!" नवापूर-नंदुरबारकडचे म्हणतात, नगर-श्रीरामपूरकडचे म्हणतात, वसईहून नोकरीनिमित्त आलेले एखादे कुटुंबही म्हणते. आम्ही स्वयंसेवक डिसेंबरात घरोघर फिरतो, प्रार्थना होते, चहा होतो, आणि निघताना उंबऱ्यापाशी हे वाक्य येतेच. आम्हीही परगावचेच, त्यामुळे त्यामागची ओढ आम्हाला कळते. तरी यंदा या वाक्याविरुद्ध लिहायचे ठरवले आहे, कारण ते नेहमी मुलांच्या देखत बोलले जाते.

जरा हिशेब करू या. सुरतेतल्या मिला आणि लूमची खाती बंद राहतात ती दिवाळीत. शाळांनाही मोठी सुट्टी दिवाळीचीच, २१ दिवसांची. म्हणून आपली माणसे गावी जातात तीही दिवाळीत. उधन्याहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते, तरी पोरे हरखलेली असतात. नवापूरचे स्टेशन तर अर्धे गुजरातेत आणि अर्धे महाराष्ट्रात, तिथे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात चार ढांगांत उडी मारता येते. नाताळला मात्र शाळेला २५ तारखेचा एकच दिवस मिळतो आणि मिलमध्ये बहुधा तोही नाही. म्हणजे भेस्तानात जन्मलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाने गावचा नाताळ बहुतेक पाहिलेलाच नसतो. आणि त्यालाच आपण दरवर्षी सांगतो की खरा तो तिकडे. मग इथे तो तारा लावतो, नवे कपडे घालतो, गाणी म्हणतो, ते काय? त्याच्या वाट्याला आलेला एकुलता एक नाताळ आपणच खोटा ठरवतो.

ही रिकामी जागा मग बाजार भरून काढतो. मॉलमध्ये सांताक्लॉज उभा असतो, त्याच्याबरोबर फोटो काढायला रांग असते. भेस्तानात डिसेंबरातही दुपारी पंखा लागतो, आणि तो बिचारा लोकरी कपड्यांत घामाने निथळत असतो. आपणही काही कमी नाही. ज्या मुलांनी बर्फ फक्त गोळ्याच्या गाडीवर पाहिला, त्यांच्या गोठ्यावर आपण कापसाचा बर्फ पसरतो. फोटो काढण्यात पाप नाही, केक आणण्यातही नाही. पण त्या फोटोत मूल काय करत असते? उभे असते. दुसऱ्याने मांडलेल्या सजावटीपुढे उभे राहून हसते, आणि पुढच्या मुलाला जागा देते. आपल्या नाताळच्या स्टेज कार्यक्रमांतही पुष्कळदा हेच होते. मुले खुर्च्यांवर, मोठ्यांची भाषणे, शाली, नारळ. घरी गेल्यावर मुलाला विचारा काय आठवते, तर जेवणात काय होते तेवढे सांगेल.

आता मूळ अडचणीकडे येतो, कारण ती बोलल्याशिवाय "मुलांबरोबर वेळ घालवा, आठवणी जोडा" हे सगळे सांगणे पोकळ आहे. अडचण पाळीची आहे. लूमवर काय आणि डाईंगच्या मिलमध्ये काय, पाळी बारा तासांची. २४ तारखेला ज्याची रातपाळी आली, त्याच्या घरचा नाताळ आम्ही न पाहता सांगू शकतो. आई मुलांना घेऊन रात्रीच्या मिस्सेला जाते, बाप यंत्रापाशी असतो. सकाळी बाप येतो तेव्हा मुले झोपलेली, मुले उठतात तेव्हा बाप झोपलेला. खोली एकच. त्याची झोप मोडू नये म्हणून नाताळच्या दिवशी मुलांना गप्प बसवले जाते, रेडिओसुद्धा लागत नाही. खाडा केला तर त्या दिवसाची मजुरी जाते, आणि यंत्रावर दुसरा माणूस उभा राहण्याची भीती असते ती वेगळीच. एका घरी बाप आम्हाला म्हणाला, "माझ्या पोरांच्या नाताळात मी नसतोच, असलो तर अंथरुणात." तो हसत म्हणाला होता. आमच्यापैकी कोणी हसले नाही.

अशा बापाला आम्ही काय सांगणार? सुट्टी घे म्हणणे सोपे आहे, त्याच्या घरातले रेशन आपण भरत नाही. पण लूकचे शुभवर्तमान उघडून दुसऱ्या अध्यायाची आठवी ओवी बघितली की आम्हाला दरवेळी धीर येतो. ते मेंढपाळ कुठे होते? मंदिरात नव्हते, घरी मुलाबाळांत नव्हते. रानात होते, रात्री कळप राखत होते, म्हणजे कामावर होते. प्रभूच्या जन्माची बातमी देवाने सगळ्यांत आधी पाठवली ती रातपाळीच्या माणसांना. बेथलेहेम गाव त्या वेळी झोपले होते. त्यामुळे "मी कामावर होतो, माझा नाताळ हुकला" असे जो म्हणतो, त्याला आम्ही नम्रपणे सांगू की बाबा, पहिल्या नाताळात तुझीच जात बोलावली गेली होती.

आणि हे नुसते मनाचे समाधान नाही, चर्चच्या विधीत त्याला जागा आहे. नाताळच्या मिस्सा चार आहेत: आदल्या संध्याकाळची, रात्रीची, पहाटेची आणि दिवसाची. प्रत्येकीची वाचने वेगळी. रात्रीच्या मिस्सेचे शुभवर्तमान देवदूतांच्या स्तुतीपाशी थांबते. मेंढपाळ उठून निघतात, गोठ्यापाशी पोहोचतात आणि बाळाला पाहतात, ते वाचन पहाटेच्या मिस्सेचे आहे. रात्रभर काम करून थेट बाळापाशी आलेली माणसे! आपल्याकडे सगळा जोर रात्रीच्या मिस्सेवर असतो, तिथेच नवे कपडे, तिथेच गर्दी. पहाटेची मिस्सा कित्येकांना माहीतही नसते. आमची धर्मगुरूंना आणि धर्मग्रामाच्या समितीला विनंती आहे की रातपाळी सुटल्यावर माणूस टिफिन हातात घेऊन थेट पोहोचू शकेल अशा वेळेला ती मिस्सा ठेवावी. पहाट थोडी उशिरा उजाडली तर बिघडत नाही. बंधनकारक मिस्सा २४च्या संध्याकाळी किंवा २५ला, कोणतीही एक चालते, हेही एकदा वेदीवरून स्पष्ट सांगावे, म्हणजे मध्यरात्र चुकली म्हणून लोक मनाला लावून घेणार नाहीत.

काही ज्येष्ठांचे म्हणणे आम्ही ऐकले आहे. सण म्हणजे सण, तो घड्याळाप्रमाणे झाला पाहिजे, आपल्या सोयीने वेळ सरकवली की उद्या श्रद्धाही सरकेल. ही काळजी खोटी नाही. पण गणनाच्या नवव्या अध्यायात एक प्रसंग आहे, तो आपल्याकडे फार कमी वाचला जातो. वल्हांडणाच्या दिवशी काही माणसे मृतदेहाला शिवल्यामुळे अशुद्ध होती, त्यांना सण पाळता येईना. ती मोशेकडे आली आणि त्यांनी सरळ विचारले की आम्हाला का वगळता? मोशेने स्वतःच्या मनाने उत्तर दिले नाही, देवाला विचारले. देवाने सांगितले की जो अशुद्ध आहे किंवा दूरच्या प्रवासात आहे, त्याने पुढच्या महिन्याच्या चौदाव्या दिवशी वल्हांडण पाळावा. तोच कोकरा, तीच बेखमीर भाकर, तीच कडू भाजी. उरलेसुरले नाही, पूर्ण सण. आणि लगेच पुढे बजावले आहे की ज्याला कोणतीही अडचण नाही आणि तरीही जो पाळत नाही, त्याची गय नाही. म्हणजे सूट आळशाला नाही, अडलेल्याला आहे. बारडोलीकडे उसाच्या तोडीला आपल्या डांगातून आणि नंदुरबारकडून जी कुटुंबे येतात, त्यांची लेकरे डिसेंबरात फडाच्या कडेला पालात असतात. दूरच्या प्रवासात असणे याहून वेगळे काय असते?

म्हणून आमचे मत असे आहे की रातपाळीच्या घराने आपला घरचा नाताळ त्या घडीला करावा ज्या घडीला घर पूर्ण असते. मग ती २५च्या सकाळची साडेआठची घडी का असेना. नाताळचा काळ काही एका रात्रीत संपत नाही, तो जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. कोणाला २८ तारखेलाच सगळे एकत्र मिळत असतील, तर २८. फक्त एकदा ठरले की दरवर्षी तसेच करावे. येशूचे आईबापही वल्हांडणाला यरुशलेमला दरवर्षी जात, असे लूक मुद्दाम लिहितो. तो बारा वर्षांचा होईपर्यंत ती वाट त्याच्या पायांना पाठ झाली असणार. मुलाच्या मनात घर करते ते एकदाच केलेले भारी काही नाही, दरवर्षी त्याच ठिकाणी, त्याच क्रमाने येणारे साधे काही.

एका घरात हे तीन वर्षे चालू आहे, ते लिहितो. वडील डाईंगच्या मिलमध्ये, आई घरी साड्यांवर टिकल्या लावते. रात्रीच्या मिस्सेहून आल्यावर मुले गोठ्यापाशी जातात, पण गव्हाण रिकामी असते. बाळ येशूची मूर्ती आईने डब्यात ठेवलेली असते. सकाळी वडील येतात, अंघोळ करतात, पांढरा शर्ट घालतात. मग मेणबत्ती लागते आणि धाकट्याच्या हातून बाळ गव्हाणीत जाते. एक गाणे, एक प्रार्थना, करंजी आणि चहा. पाऊण तासात सगळे आटोपते. मग वडील झोपतात, आणि मुले फराळाची ताटे घेऊन चाळभर फिरायला निघतात, उडिया शेजाऱ्यांकडे, बिहारी शेजाऱ्यांकडे, वरच्या गुजराती काकूंकडे. गोव्यात नाताळचे हे वाटणे कोन्सुआदा म्हणून ओळखले जाते, इथे त्याला नाव नाही, पण वडिलांना तीन तास शांत झोप मिळते हा त्याचा भेस्तानी फायदा. त्या घरातल्या मधल्या मुलीला आम्ही विचारले की बाळ येशूचा जन्म कधी झाला. ती म्हणाली, "पप्पा आल्यावर." धर्मशिक्षणाच्या वर्गात हे उत्तर चूक ठरेल. आम्ही बरोबर धरले.

आता मुलांच्या हातांविषयी. १४ जानेवारीला सुरतेच्या कोणत्याही गच्चीवर जाऊन बघा. उत्तरायणाची आठवण नाही असे एक मूल या शहरात सापडणार नाही. का? पतंग तर सगळीकडेच उडतात. पण इथे त्या दिवशी प्रत्येकाला काम असते. कोणी आदल्या रात्री किन्ना बांधतो, कोणी फिरकी धरतो, कोणी फाटलेल्या पतंगाला चिकटपट्टी लावतो, सगळ्यांत लहान असतो तो कापलेल्या पतंगामागे धावतो. "काप्यो छे" ओरडायला तर दोन वर्षांचे पोरही चालते. खाली उंधियू आणि जिलेबी येते तेव्हा हात मांज्याने कापलेले असतात, आणि त्या कापलेल्या बोटांचाही अभिमान असतो. सणात मुलाला काम दिले की सण त्याचा होतो. आपल्या शेजाऱ्यांकडून शिकण्यात कमीपणा मानू नये.

आपल्या परंपरेतही हे आहेच. गोव्यात ६ जानेवारीला कुएलीच्या टेकडीवर तीन राजांचा सण होतो. कासावली, आरोशी आणि कुएली या तीन गावांतून एकेक लहान मुलगा राजा होतो, मुकुट घालून घोड्यावर बसून टेकडीवरच्या चॅपेलपर्यंत जातो. सगळे गाव त्याच्या मागे चालते. त्या पोराला म्हातारपणीसुद्धा तो दिवस विसरता येईल का? आणि गोठा? संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावी पहिला मांडला तो खऱ्या गवताचा आणि जिवंत बैल-गाढवाचा होता, गावच्या साध्या माणसांना बेथलेहेम डोळ्यांनी बघता यावे म्हणून. पोप फ्रान्सिस यांनी २०१९च्या डिसेंबरात त्याच ग्रेच्चोला जाऊन गोठ्यावरच्या पत्रावर सही केली, आणि त्या पत्रात घराघरांत गोठा मांडण्याच्या रीतीला उत्तेजन दिले. दुकानातला तयार गोठा आणून शोकेसवर ठेवला तर पाहायला छान, पण मुलाने केले काय? आपल्याकडे सामानाची कमी आहे का? कापड ज्यावर गुंडाळतात त्या पुठ्ठ्याच्या नळ्या भंगारात पडलेल्या असतात, त्यांचे खांब होतात, कापून मेंढपाळही होतात. मिलच्या चिंध्यांत तीन राजांचे तीन झगे निघतात, तेही जरीचे. भाताचा पेंढा ओलपाड-नवसारीकडून येणारा कोणीही आणून देईल. चिखल तर भेस्तानात विकत घ्यावा लागत नाही. गोठा वाकडा होईल. मेंढरे गाढवापेक्षा मोठी होतील. होऊ द्या, आणि मोठ्यांनी रात्री उठून ती सरळ करू नयेत.

हे सगळे वाचून घरातली आई काय म्हणेल ते आम्हाला ठाऊक आहे. "करायचे कोणी?" तिचा प्रश्न रास्त आहे. आमच्या घरांत परंपरा म्हणजे पुष्कळदा एकट्या बाईची जागरणे. दिवसभर धागे कापायचे, गठ्ठा द्यायचा, आणि रात्री दोनपर्यंत चकल्या पाडायच्या, मग मुलांनी सकाळी उठून खायच्या. त्यात मुलांना मिळाली ती चकली, आठवण नव्हे. वसईकडच्या बायका कुलकुल करतात तेव्हा सगळे घर बसते, कारण एकेक गोळी काट्यावर किंवा फणीवर दाबून वळायची असते, ते एकटीचे काम नाहीच. आमचे म्हणणे, पाच जिन्नस करण्यापेक्षा एकच करा, पण तो मुलांच्या आणि त्यांच्या बापाच्या हातांतून जाऊ द्या. करंज्यांची कड बापाने दुमडली तर त्या तळताना फुटतील. नाताळला फुटक्या करंज्या चालतात.

आणखी एक गोष्ट या सगळ्यापेक्षा आम्हाला जास्त टोचते. आपली काही मुले महापालिकेच्या मराठी शाळेत आहेत, पण बरीच गुजराती नाहीतर इंग्रजी माध्यमात. त्यांना मराठी गाण्याची चाल येते, शब्द येत नाहीत. निर्गमच्या बाराव्या अध्यायात असे गृहीत धरले आहे की एक दिवस मूल विचारील, या विधीचा अर्थ काय? आणि बापाने उत्तर द्यायचे आहे. ते उत्तर कोणत्या भाषेत देणार? लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. त्यांच्या मागची गोष्ट अशी की मुलाने, देवदत्तांनी, वडिलांचे चरित्र लिहिण्यासाठी आईकडे आठवणी मागितल्या. मुलाने विचारले म्हणून आईने सांगितले, आणि मराठी ख्रिस्ती घराची एवढी मोठी ठेव तयार झाली. आपल्या पोरांनी आपल्याला विचारावे असे काही आपण त्यांच्या डोळ्यांसमोर करतो का? गव्हाण रिकामी ठेवली तर मूल विचारतेच, "बाळ कुठे आहे?" तिथून सुरुवात होते. तेव्हा गावचा नाताळ जरूर सांगा. आजी शेणाने अंगण सारवायची, कंदील घेऊन गाणाऱ्यांची टोळी यायची, सगळे सांगा. "तिथला खरा" एवढे फक्त वगळा.

यंदाच्या कॅरोल फेरीविषयी. दरवर्षी आपण गल्लीवार जातो आणि अर्ध्या घरांत बाप भेटत नाही. या वेळी गल्लीऐवजी पाळीप्रमाणे जायचे ठरले आहे. मिस्सेनंतर दाराशी वही ठेवलेली असेल, तीत घरातले सगळे एकत्र कधी असतात तो वार आणि वेळ लिहावी. सकाळी नऊची वेळ असली तरी लिहावी, आम्ही सकाळी येऊ, ढोलक हळू वाजवू. बाप दिवसपाळीत आणि थोरला मुलगा रातपाळीत असेल, तर दोन्ही वेळा लिहाव्यात. बारडोलीकडे कोणाचे नातेवाईक तोडीला आले असतील तर फडाचे ठिकाणही लिहावे. तिकडे जायला एक टेम्पो लागेल. कोणाकडे असल्यास कळवावे.